शेवंतामामींचं विरजण

कोरेगाव भीमाच्या त्या खोलीत राहायला गेलो तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, घरमालकीण मामींना कमी ऐकू येतं. मी सकाळी कामावर निघालो की त्या हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या. मी बाहेर पडून फाटक ओढून घेतलं की मागून विचारायच्या, "काय म्हनलास?"

मी काहीच म्हणालेलो नसायचो. "काही नाही मामी, निघतो," असं सांगितलं की त्या मान हलवून आत जायच्या. चेहऱ्यावर थोडी निराशा असायची, पण तक्रार नसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बरं, कान म्हणावेत तर इतके तिखट, की मागच्या खोलीतल्या भाडेकरूचं, राजकुमारचं, दूध उतू जायला आलं तर त्या अंगणातून हाक द्यायच्या.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. सकाळी कुणी बाहेर पडत असलं की त्या पाण्याची मोटर चालू ठेवायच्या नाहीत. चालू असली तर पळत जाऊन बंद करायच्या. टीव्ही बंद, मिक्सर बंद. निघालेलं माणूस फाटकाबाहेर जाऊन दिसेनासं होईपर्यंत सगळं घर गप्प. भाडेकरू तिघं आणि तिघांच्या निघायच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे टाकी काही धड भरायची नाही. त्यातली स्वाती केस धुवायच्या दिवशी नळाखाली उभी राहून आरडाओरडा करायची. मामींवर त्याचा काडीचा परिणाम होत नसे.

मी मूळचा वरवंडचा. एका सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली, म्हणून इकडे आलो. शेवंतामामींचं माहेर कासुर्डी. आमची दोन्ही गावं सोलापूर हायवेवरची, त्यामुळे मी त्यांना माहेरचं माणूस वाटलो असणार. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. पहिल्या दिवसापासून मी 'वरवंडकर'. घरासमोर थोडी जमीन होती, तिच्यात शेवंती आणि मेथी. घरामागे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ. मामी साठीच्या, अंगाने बारीक, पदर कायम कमरेला खोचलेला. मूलबाळ नव्हतं. नवरा गेलेला. त्याला सगळे आप्पा म्हणायचे, एवढंच मला सुरुवातीला ठाऊक होतं. घरात त्याचा फोटो नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "फोटू लावला की मानूस गेलं म्हनत्यात."

खोलीचं बोलणं दोन वाक्यांत उरकलं. मग त्यांनी अट सांगितली. "सकाळचा नाष्टा माझा. पैसं न्हाई घ्यायची. पर खायाचा. खात न्हाई म्हनलं तर खोली न्हाई."

मी मनातल्या मनात उडी मारली. पोहे, उपीट, कधीमधी थालीपीठ. अशी अट कोण नाकारील?

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत कॉफीची जुनी काचेची बाटली होती, झाकण लावलेली, वर चमचा. आत करड्या रंगाचं काहीतरी बुळबुळीत, त्यात बारीक काळे ठिपके, आणि सगळ्याच्या डोक्यावर डाळिंबाचे दाणे. आमच्या तळ्याकाठी पावसाळ्यात बेडकं अंडी घालतात ती अशीच दिसतात. मी बाटली घेऊन तसाच ओट्यावर गेलो. "मामी, हे काय आहे?"

"चिया."

"सब्जा म्हणा की. फालुद्यातला."

"सब्जा घटकंत फुगतो," मामी म्हणाल्या. "ह्याला रात जावी लागती. खा गुमान. आन् तळाचा चमचा माघारी आनायचा. बाटली खरवडायची न्हाई."

खाल्लं. चवीला वाईट नव्हतं, हे कबूल करायला मला आठवडा लागला. दूध, किंचित गोड, किंचित आंबूस, आणि मध्येच डाळिंबाचा दाणा फुटायचा. कधी पपई असायची, कधी अंजीर, कधी पेरू. पण डाळिंबाचे चार दाणे पहिले पडायचेच, मग बाकीचं फळ. फळ घालायचं सकाळी. रात्री घातलं तर पाणी सुटतं, असं त्यांचं म्हणणं.

करण्याची रीत त्यांनी देवपूजेसारखी पाळली होती. दूध तापवून निववायचं. दिवेलागणीच्या थोडं आधी त्यात बी टाकून ढवळायचं आणि ठेवून द्यायचं. मग देवापुढे दिवा लावायचा, हात जोडायचे आणि येऊन पुन्हा ढवळायचं. हे दुसरं ढवळणं चुकलं तर सगळं बी तळाशी जाऊन त्याचा गोळा होतो आणि वर नुसतं दूध राहतं. इथपर्यंत कुणालाही पटेल. त्यानंतरची गोष्ट मात्र मी दुसरीकडे कुठेच पाहिलेली नाही. फ्रीजमधून एक स्टीलची झाकणाची वाटी निघायची. त्या वाटीत आम्ही तिघांनी सकाळी परत केलेले तळाचे चमचे जमा असायचे. त्यातला चमचा-चमचा मामी प्रत्येक बाटलीत घालायच्या, झाकण लावायच्या आणि झाकणावर क्षणभर तळहात ठेवायच्या. थंडी असो, उन्हाळा असो.

मी म्हणालो, "मामी, हे काय दही आहे का?"

"इरजणाबिगर लागंल कसं?" त्यांनी उलट विचारलं. त्यांच्या दृष्टीने प्रश्न तिथे संपला.

म्हणजे कालच्यातलं आज, परवाचं काल. असं मागे मागे गेलं तर पहिली बाटली कुणाची, हा विचार मला तेव्हा शिवला नव्हता.

आधी राजकुमारचं झालं. राजकुमार बिहारचा, प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर. अबोल, पापभीरू, फोनवर आईशी बोलतानाच काय तो आवाज चढायचा. एका सकाळी मी दात घासत उभा होतो. राजकुमार खोलीतून बाहेर आला, कुलूप लावलं, आणि उजव्या हाताच्या बोटांनी चौकटीवर दोनदा टकटक केलं. मग निघाला. मला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर मामीही पाहत होत्या. त्यांच्या हातात सुपली होती आणि सुपलीतली मेथी खाली सांडत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"वरवंडकर," त्यांनी हळूच विचारलं, "हे पोरगं आदीपास्नं चौकट वाजवतंय का रं?"

"नाही. आताशाच."

त्यांनी राजकुमारला हाक मारली. "कशापायी वाजवतोस रं बाबा?"

राजकुमार गोंधळला. स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "पता नहीं मामी. हाथ अपने आप जाता है."

त्या संध्याकाळी राजकुमारच्या बाटलीत विरजण जास्त पडलं. मी विचारल्यावर मामींनी सांगून टाकलं. आप्पा घराबाहेर पडताना चौकटीवर दोनदा टकटक करायचे. लग्न झाल्यापासून. "घराला सांगून जायाचं, म्हनायचं." राजकुमारने आप्पांना पाहिलेलं नव्हतं. फोटोतसुद्धा नाही.

आता असं असतं, की आपण शिकलीसवरली माणसं. मी त्यावर दोन दिवस हसून घेतलं. माणसाला सवयी लागतात, त्यात काय. पण मग मला स्वातीच्या चपला दिसायला लागल्या. स्वाती एका खाजगी दवाखान्यात रक्त तपासायची, राहायची कोपऱ्यातल्या खोलीत. तिच्या चपला एरवी कुठेही उडालेल्या, एक पायरीवर तर एक मोरीजवळ. त्या आता रोज दाराबाहेर जोडीने, तोंडं रस्त्याकडे करून. जाणारं माणूस नुसतं पाय घालील आणि चालू पडेल, अशा. मी मामींना काही विचारलं नाही. त्याच पाठीमागून येऊन म्हणाल्या, "आप्पांच्या बी अशाच असायच्या."

मग आला तो गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी आणि विजेलाही. एरवी दुपारपर्यंत लाईट येते, त्या दिवशी सकाळी गेलेली येईना. वैशाख होता. मी घामाघूम होऊन बाहेर आलो तर मामी माठाशेजारी जमिनीवर बसलेल्या. विरजणाची वाटी ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाखालच्या गार वाळूत अर्धी रोवली होती आणि त्या तिला पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. आजारी लेकराच्या उशाशी बसतात तशा. जेवलेल्या नव्हत्या. मी म्हणालो, "द्या इकडे, मी घालतो वारा. तुम्ही दोन घास खा." त्यांनी पुठ्ठा दिला, पण उठल्या नाहीत.

"नासलं तर नासलं मामी. उद्या नवीन लावू."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वारा घालायचा थांबलो.

"नवं कुठनं लावशील?" त्या म्हणाल्या. "हे बी घरात आनलं आप्पांनी. साखर वाढलीती. शिरूरच्या डाक्टरनं सांगितलं, च्या-बटर बंद करा, हे खात जावा. मोबाईलवर बघून बघून सोताच भिजावलं. मला हात लावू दिला न्हाई. म्हनलं, तू बघच सकाळी. सकाळी डाळिंब सोललं, वर घातलं, आन् त्या ओट्यावर बसून खाल्लं. अर्धं खाऊन झालं तवर बाजारातनं फोन आला, माल लवकर आना. उठलं तसंच. मी तकडं मोटरपाशी व्हते. चौकट वाजवली, गेलं, फाटकातनं वळलं आन् काहीतरी म्हनलं. त्वांड हललेलं बघितलं म्या. मोटरीच्या आवाजात काय ऐकू ईना. मी हात केला, जावा जावा म्हनून."

त्यांनी गोणपाटावर पाण्याचा हात फिरवला. पुठ्ठा माझ्या हातात तसाच.

"मोटर बंद करून इचारायला काय झालंतं मला? म्हनलं, येत्यालच की दुपारला. आन् शिरूरच्या बाजारात, आमच्याच टेम्पोत बसल्या जागी गेलं. कुनाला कळलं बी न्हाई. लोक म्हनले झोप लागलीया."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला ती दुपार थंड वाटायला लागली. आप्पांना घरी आणलं, सगळं उरकलं. घरात बायका रडत होत्या. आणि दिवेलागणीला मामी उठल्या, दूध निववलं, बी टाकलं आणि आप्पांच्या उरलेल्या अर्ध्या बाटलीतला चमचाभर त्यात घातला. "बाया म्हनल्या, हिचं डोस्कं फिरलं. म्हनू दे. मला ते दुसरं कसं लावायचं ठावंच नव्हतं. इरजण तुटलं असतं म्हंजी?"

म्हणजे आम्ही तिघं इतके महिने आप्पांचं उष्टं खात होतो. मेलेल्या माणसाने अर्धं टाकलेलं, रोज रात्री दुधात वाढवलेलं. तरीही मी पुठ्ठा हलवायला लागलो, कारण मामींचे डोळे वाटीवरून हलत नव्हते.

"इरजण चमचाभर असतंय," त्या म्हणाल्या, "पर सगळं दूध त्याच्यावानी व्हतं. चौकट आली. चपला आल्या. बोलनं बी येईल. काय म्हनलं व्हतं तेवढं मला कळू दे. मग मी काय मागत न्हाई."

तेव्हा मला ते रोजचं 'काय म्हनलास' उलगडलं. बंद मोटर उलगडली. त्या माझ्यासाठी ओट्यावर येत नव्हत्या. आमच्या तोंडून दुसराच कुणी बोलतो का, ते ऐकायला येत होत्या. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी सामान बांधून पळून जावंसंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

लाईट संध्याकाळी आली. विरजण वाचलं.

स्वातीला मी हे सांगायला नको होतं, पण एकट्याच्या पोटात ते राहीना. ती मोठ्याने हसली. प्रयोगशाळेतली मुलगी ती. त्याच संध्याकाळी नुसत्या पाण्यात बी भिजवलं, विरजण नाही, दूध नाही, आणि सकाळी ग्लास मामींच्या पुढे धरला. "बघा. फुगलंय की नाही? त्याला विरजण लागत नाही मामी. त्या बियाचा गुणच आहे तो."

मामींनी ग्लास हातात घेतला, तिरका करून पाहिला, चमचाभर चाखला. अजिबात रागावल्या नाहीत.

"फुगलंय," त्या म्हणाल्या. "पर लागलं न्हाई." आणि ग्लास शेवंतीच्या मुळाशी ओतून टाकला.

पुढच्या आठवड्यात स्वातीची स्कूटी सुरू होईना. बटण दाबून दाबून ती वैतागली. मी शर्टाला इस्त्री करत खिडकीतून पाहत होतो. तिने एकदम दाबणं थांबवलं, सीटवर दोन थापा मारल्या आणि मायेने म्हणाली, "चल गं म्हातारे, बाजार गाठायचाय."

स्कूटी सुरू झाली. आणि मागे ओट्यावर मामींच्या हातातलं ताट पडलं.

स्वाती दवाखान्यात निघाली होती. बाजाराशी तिचा संबंध काय? तिने स्वतःच हेल्मेट काढलं. चेहरा पांढराफटक. "मी काय म्हणाले आत्ता?" तिने मला विचारलं. मी सांगितलं. मामी पायऱ्या उतरून आल्या, तिचा दंड धरला. "पुढं? पुढं काय म्हनले? आठव की गं. फाटकातनं वळून काय म्हनले?" आवाज चढलेला नव्हता, हट्ट करणाऱ्या मुलीसारख्या विचारत होत्या. स्वाती रडायला लागली. मी धावत बाहेर येऊन हात सोडवला. आप्पा रोज टेम्पोच्या बोनेटला थापा मारून तेच वाक्य म्हणायचे, हे मामींनी नंतर सांगितलं. आम्ही न सांगताच ओळखलं होतं.

महिना संपायच्या आत स्वाती गेली. आईची तब्येत बरी नाही म्हणाली. राजकुमार पावसाळ्यात गावी गेला तो परतलाच नाही. उरलो मी. आता वाटीत एकच तळाचा चमचा जमायचा, आणि माझ्यात तर काहीच उतरेना. मी चौकट वाजवत नव्हतो, माझ्या चपला उधळलेल्याच. मामी मला सकाळ-संध्याकाळ निरखायच्या. "तू म्हंजी पानीच हाईस," त्या थट्टेने म्हणायच्या. "तुला लागंना काय बी." खरं सांगतो, मला थोडा अपमानही वाटायचा. बिहारच्या पोराला लागतं आणि माहेरच्या माणसाला नाही?

आणि मग दिवाळीत वरवंडला गेलो असताना आई म्हणाली, "हे काय नवीन? ताट पुसून खाणारा तू. आता समद्यात अर्धं टाकतोयस."

मी ताटाकडे पाहिलं. अर्धी भाकरी, अर्धी भाजी. सकाळचे पोहेही मी अर्धेच खाऊन उठलो होतो. आदल्या दिवशीचा लाडूसुद्धा अर्धा वाटीत पडलेला. चौकट वाजवणं, चपला लावणं, हे चालतं. पण अर्धं टाकून उठलेला माणूस त्या घरात परत आलेला नव्हता.

मी मामींना ते सांगितलं नाही. कोरेगावला आल्यावर रोज सकाळी नेटाने बाटली तळाच्या चमच्यापर्यंत संपवायचो. पोट भरलेलं असलं तरी. मध्यावर आलं की हात आपोआप थांबायचा आणि मी त्याला पुढे ढकलायचो. मामी दारातून बघायच्या. त्यांना कळलं होतं का, हे मला अजून सांगता येत नाही. एक मात्र झालं. त्या काळात त्यांनी माझ्याशी थट्टा करणं सोडलं.

शेवटी कुरकुंभच्या एका कारखान्यात जागा मिळाली. दौंड तालुका, घराजवळ. मामींना सांगितलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. निवडत राहिल्या. जुडी संपल्यावर म्हणाल्या, "आता वाटीत चमचा कोन टाकनार?" मी म्हणालो, नवे भाडेकरू येतील. त्या म्हणाल्या, "येतील की." आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं. त्यांच्या सगळ्या वाट पाहण्याचं शेवटचं माणूस निघालं होतं, आणि ते पाणीच निघालं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी सामानाचा टेम्पो सांगितला होता. गादी, पेटी, टेबलफॅन ओट्याखाली रचून ठेवलं. मामींनी बाटली आणून दिली. वर डाळिंब, नुसतं डाळिंबच. मी ओट्यावर बसलो आणि खायला लागलो. त्या दाराशी उभ्या. मोटर बंद, मिक्सर बंद, सगळं घर गप्प. शेवंतीवर मधमाश्या फिरत होत्या त्यांचाही आवाज येत होता.

बाटली अर्धी झाली आणि रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर घाईचा, सारखा वाजवत राहिला. मी बाटली खाली ठेवली. पेटी चढवली, गादी चढवली. मामींच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. फाटकाबाहेर आलो, कडी लावली, आणि टेम्पोकडे जाता जाता सहज मागे वळलो.

"अगं, झाकून ठेव ते," मी म्हणालो. "आल्यावर खातो उरलेलं."

माझ्याच कानांनी ते ऐकलं. मामींना मी आयुष्यात कधी 'अगं' म्हटलेलं नव्हतं. आणि मी कायमचा निघालो होतो, माघारी येऊन खाणार काय? आवाज माझाच होता. पण ते बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं, आणि बोलून झाल्यावर छातीत काहीतरी रिकामं झाल्यासारखं वाटलं.

'काय म्हनलास' असं मामींनी या वेळी विचारलं नाही.

त्या ओट्याच्या कडेला आल्या. खांब धरला. माझ्याकडे पाहत होत्या, पण नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, थोडी पलीकडे होती. मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

"येवढंच?" त्या म्हणाल्या. "येवढंच म्हनला व्हता व्हय वो?"

आणि त्या हसल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "मला वाटलं, काय म्हनला आन् काय न्हाई. आन् मी येवढी वरसं... झाकून ठेवलंय की वो. रोजच्या रोज झाकून ठेवलंय."

मग त्यांनी माझी बाटली उचलली. ओट्यावर, मी बसलो होतो तिथेच बसल्या आणि उरलेलं खायला लागल्या. घाई नाही, सावकाश. डाळिंबाचा दाणा न् दाणा. इतक्या महिन्यांत मी मामींना ते खाताना कधीच पाहिलं नव्हतं. आम्हाला भरवायच्या, स्वतः भाकरी खायच्या. चमचा तळाला लागला आणि काचेवर खरवडल्याचा आवाज आला. त्या घरात तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"मामी, विरजण?" मी फाटकाबाहेरून ओरडलो. "वाटीत आहे ना थोडं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. कालचं सगळं माझ्याच बाटलीत घातलेलं होतं. चमचा चाटून त्यांनी बाटलीत ठेवला. "जावा आता," त्या म्हणाल्या. "बिनघोर जावा. अर्धं काय ऱ्हायलं न्हाई." मला त्या कधी 'जावा' म्हणत नसत.

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. मी चढलो. टेम्पो हलला तेव्हा मामी उठून नळाखाली बाटली धूत होत्या. ती त्यांनी खांबाशेजारी पालथी घातली, पदराला हात पुसले आणि घराच्या कडेने मागे गेल्या. वळणावर आलो आणि मागून मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. भर सकाळी, माणूस निघालेलं असताना.

मी खिडकीतून डोकं काढून मोठ्याने म्हणालो, "येतो मामी!" मोटरीच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नसणार. त्या काही विचारायला आल्या नाहीत.